लेनची जागा

पलंगाच्या काठावर बसून सिरिल थरलो उजव्या गुडघ्याला पट्टी गुंडाळत होता. गुंडाळायची, उभं राहून बघायचं, दुखलं की सोडायची आणि पुन्हा गुंडाळायची, असा कार्यक्रम बराच वेळ चालला होता. फेब्रुवारीचा महिना, खिडकीच्या काचेवर आतून गारठा धरलेला, आणि वय चाळिशीच्या पलीकडे गेलेलं. अशा शनिवारी शहाणा माणूस पांघरुणाबाहेर पाय काढत नाही.

"आज सांगणार आहेस ना?" गरम पाण्याचं भांडं खाली ठेवत विनीने विचारलं.

"सांगतो."

"मागच्या वर्षीही 'सांगतो'च म्हणाला होतास."

"मागच्या वर्षी पहिल्याच फेरीत हरलो आम्ही. हरल्या हरल्या सोडलं असतं तर लोक पळपुटा म्हणाले असते."

"आणि त्याच्या आदल्या वर्षी जिंकलात, तेव्हा म्हणालास, आत्ताच सोडलं तर लोकांना वाटेल डोक्यात हवा गेली. मग माणसाने सोडायचं तरी कधी? बरोबरी झाली की?"

सिरिल हसला, पण हसताना गुडघा हलला आणि हसू तोंडातल्या तोंडातच राहिलं. विनीने त्याच्या हातातून पट्टी काढून घेतली आणि स्वतःच बांधायला बसली. लग्न झालं तेव्हा तिला वाटलं होतं की आपण एक माणूस घरी आणतोय. प्रत्यक्षात हॅलस्टन गावचे सगळे संघ तिच्या घरी राहायला आले होते. तिच्या दोरीवर हिवाळ्यात फुटबॉलचे मोजे वाळायचे, उन्हाळ्यात क्रिकेटच्या पांढऱ्या विजारी, आणि मधल्या दिवसांत हॉकीचं, टेनिसचं, कसलं ना कसलं तरी वाळतच असायचं.

"आज नक्की सांगतो," सिरिल म्हणाला. "खेळ संपला की सेक्रेटरीला, क्रॅकनेलला गाठतो."

"क्रॅकनेलला सांगणं सोपं आहे रे," विनी म्हणाली. "तुझं घोडं अडतं ते त्या खुर्चीपाशी."

ती कोणत्या खुर्चीबद्दल बोलत होती ते दोघांनाही माहीत होतं. विनीने गाठ मारली आणि ती खाली निघून गेली.

जिल्ह्याच्या वर्तमानपत्राला सिरिल थरलोचं मोठं कौतुक. 'अष्टपैलू' हा शब्द त्यांनी जणू त्याच्यासाठीच राखून ठेवला होता. फुटबॉलमध्ये तो डाव्या बाजूने धावायचा, क्रिकेटमध्ये नव्या चेंडूने गोलंदाजी करायचा, हॉकीत गोल राखायचा, आणि जत्रेच्या दिवशी शर्यतीतही असायचाच. पैशाचा प्रश्नच नव्हता. हॅलस्टनचे खेळाडू आठवडाभर दुकानं चालवायचे, खोगिरं शिवायचे, बँकेत खर्डेघाशी करायचे, आणि शनिवारी दुपारी हौसेने चिखलात लोळायचे. सिरिल बापाचं बियाण्यांचं दुकान सांभाळायचा. गिऱ्हाईक वाटाण्याचं बी मागायचं आणि हातात पुडी पडेपर्यंत मागच्या सामन्याची चर्चा करायचं. इतका गुणी माणूस एका लहानशा गावात जन्मला कसा, याचं लोकांना नवल वाटे.

त्यात नवल काही नव्हतं. सिरिलला स्वतःला ते पक्कं ठाऊक होतं, आणि लोकांनाही ठाऊक असायला हवं होतं, पण लोक सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतात. लढाईच्या आधी सिरिल थरलो एक बरा, मधल्या फळीत घाम गाळणारा, उजव्या पायाचा फुटबॉल खेळाडू होता, बस्स. क्रिकेटमध्ये त्याला कोणी चेंडू देत नसे. नवा चेंडू डॉक्टरांच्या मुलाचा. हॉकीचा गोल राखायचा तो शाळेतला तरुण मास्तर, आणि धावण्यात तर सिरिल नेहमी चौथा यायचा, कारण पहिले तिघे ठरलेले होते. मग लढाई झाली. लढाईनंतर ते तिघे नव्हते, डॉक्टरांचा मुलगा नव्हता, मास्तर नव्हता. ज्या ज्या क्लबात भोक पडलं होतं, त्या त्या क्लबाचा सेक्रेटरी सिरिलच्या दुकानात आला आणि काउंटरवर टोपी ठेवून उभा राहिला. सिरिलला नाही म्हणता येईना. फाटलं तिथे त्याला लावत गेले, आणि पुढे पुढे त्या ठिगळालाच लोक कापड म्हणायला लागले.

फुटबॉलचं मात्र त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. लढाईनंतरच्या पहिल्या शरद ऋतूत धान्यबाजाराच्या हॉलमध्ये क्लबची सभा भरली. सेक्रेटरी तेव्हाही क्रॅकनेलच, फक्त केस काळे. तो एकेका जागेला कोण, असं विचारत चालला होता. डाव्या बाजूला कोण, असं त्याने विचारलं आणि हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. ती जागा लेनर्ड गॅरॅडची. बेकरीवाल्या गॅरॅडांचा एकुलता एक लेन, सिरिलचा शाळेपासूनचा मित्र. दोघं एकाच दिवशी भरती झाले होते आणि सिरिल एकटा परत आला होता. मागे चहाच्या टेबलाशी लेनची आई किटली धरून उभी होती.

"मी खेळेन," सिरिल म्हणाला.

सभा संपल्यावर गॅरॅडबाईंनी त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाल्या, "बरं झालं, पोरा." एवढंच. दुसऱ्या आठवड्यापासून त्या क्लबचे सगळे शर्ट धुवायला घरी नेऊ लागल्या, आणि घरच्या प्रत्येक सामन्याला डाव्या बाजूच्या रेषेशी, कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ, स्वयंपाकघरातली खुर्ची टाकून बसू लागल्या. लेन जिथून धावायचा, बरोबर तिथे. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की खुर्चीही समोरच्या रेषेला जायची. मग सिरिल काय करणार? उजव्या पायाच्या माणसाने डावा पाय शिकून घेतला. एक अख्खा हिवाळा दुकानामागच्या भिंतीवर चेंडू आपटत बसला. प्रत्येक हिवाळ्यात ती खुर्ची आली आणि प्रत्येक हिवाळ्यात सिरिल धावला. अलीकडे धावणं कमी आणि पाय ओढणं जास्त झालं होतं. खुर्ची मात्र चुकली नव्हती.

त्या दुपारी जिल्ह्याच्या कपातला उपांत्य सामना होता आणि समोर बंदरावरचे होते, दिवसभर जहाजांतून पोती उतरवणारे धिप्पाड लोक. त्यांचा कॅप्टन मान नसलेला आणि हसरा. नाणेफेकीला तो सिरिलचा गुडघा बघून म्हणाला, "काका, घरी शेकत बसायचं सोडून आलात?"

"घरी बायको बसू देत नाही," सिरिल म्हणाला.

पूर्वेचा वारा सुटला होता. मैदान वरून गोठलेलं आणि खालून चिखल, म्हणजे पाय आधी सरकणार आणि मग रुतणार. पहिल्या अर्ध्यात हॅलस्टनच्या रेजी टटलने गोल केला. रेजी विशीतला पोरगा, आडदांड, बोलायला फटकळ. त्याच्यानंतर सिरिलचं काम एवढंच उरलं होतं की डाव्या रेषेला चिकटून राहायचं, चेंडू आला की पुढे ढकलायचा आणि श्वास पुरवून वापरायचा. मध्यंतरात लिंबाची फोड चोखताना त्याला बसल्या जागी पेंग आली. हौस म्हणून खेळायचा खेळ आणि खेळताना माणसाला झोप येते, याचं त्याला स्वतःलाच हसू आलं.

दुसऱ्या अर्ध्यात बंदरवाल्यांचा मधला गडी आणि रेजी एकाच चेंडूसाठी उडाले आणि त्या गड्याचं डोकं गोलच्या खांबावर आपटलं. तो उठेना. चौघांनी उचलून त्याला शेडमध्ये नेलं. बदली खेळाडूची भानगड तेव्हा नव्हती. माणूस गेला की गेला, उरलेल्या दहांनी निभावायचं.

हॅलस्टनला मात्र एक खोड होती. क्लब ज्या म्हाताऱ्या पाद्र्याने काढला, त्याने एक पद्धत घालून दिली होती. समोरच्यांचा गडी जखमी होऊन गेला, तर आपणही एक गडी बाहेर काढायचा, आणि त्यांचा परत आला की आपला परत घ्यायचा. बरोबरीने खेळायचं, नाहीतर घरी बसायचं. पाद्री जाऊन जमाना झाला होता. आसपासच्या गावांतले लोक या पद्धतीवर पोट धरून हसायचे. हॅलस्टनचे लोकही मनातून कुरकुरायचे, पण मोडायची कोणाची छाती नव्हती, कारण पाद्र्याची कबर मैदानाच्या कुंपणापलीकडेच होती.

सिरिलने रेफरीकडे बघून हात वर केला. कडेच्या लोकांतून उसासा उठला.

"कॅप्टन, कप आहे हो हा!" रेजी धावत आला. "आज तरी सोडा की ते पुराण."

"पद्धत आहे, रेजी."

"पद्धत पाद्र्याची आणि फटका आम्हाला. मला नका काढू हं, सांगून ठेवतो."

बंदरवाल्यांचा कॅप्टन कमरेवर हात ठेवून बघत होता. "राहू द्या ना काका! आमची काही तक्रार नाही. खरंच सांगतो, तुमचं अख्खं गाव येडं आहे."

अशा वेळी बाहेर जायचं ते खोगिरं शिवणाऱ्या हॉब्जने, हे ठरल्यासारखंच होतं. हॉब्ज मागच्या फळीत, जाड, संथ, आणि बाहेर जायला तत्पर. आजही तो सांगायच्या आधीच चहाच्या दिशेने निघाला होता.

"हॉब्ज, थांब," सिरिल म्हणाला. "मी जातो."

हे त्याने ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. निघालं आणि त्याच्या सगळ्या अंगाला इतकं बरं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली. हॉब्जचं तोंड पडलं. पलीकडच्या रेषेवरून क्रॅकनेल ओरडला, "तू नव्हे! अरे, कॅप्टन आहेस तू!" पण सिरिल चालायला लागला होता. डावी रेषा जवळ होती, आणि रेषेपलीकडे खुर्ची होती.

गॅरॅडबाई तीन शाली पांघरून बसल्या होत्या. पायाखाली भट्टीतून तापवून आणलेली वीट, फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली. बाजूला रिकामं खोकं होतं, सिरिल त्याच्यावर टेकला.

"लागलं का रे?"

"नाही. त्यांचा माणूस गेला, म्हणून आमचा एक."

"मग तू कशाला आलास? हॉब्ज येतो ना नेहमी. तो आला की बायकोच्या चहाड्या सांगतो, तेवढाच माझा वेळ जातो." त्यांनी पायाखालची वीट काठीने त्याच्याकडे सरकवली. "ठेव पाय. निळा पडलायस."

सिरिलने पाय ठेवले. समोर खेळ सुरू झाला. रेजीच्या शिव्या इथवर ऐकू येत होत्या. सिरिलच्या मनात आलं की क्रॅकनेलला सांगण्यात काय अर्थ आहे. सांगायचं ते इथेच. इतकी वर्षं तेच तर जमलं नव्हतं. विनीला बरोबर कळलं होतं. या बाईचा मुलगा एकदा गेला, आणि आता आपण उठून गेलो तर तो दुसऱ्यांदा जाईल, अशी ही भीती. ती त्याने कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती. गुडघा दुखायचा त्याच्या दुप्पट ती दुखायची.

"गॅरॅडबाई, एक सांगायचं होतं. वाईट वाटून घेऊ नका."

"कोण मेलं?"

"कोणी नाही मेलं. मी... हे माझं शेवटचं वर्ष. गुडघा साथ देत नाही. खरं सांगायचं तर नुसता गुडघा नाही, मीच थकलोय. लेनची जागा मी सांभाळली, जमेल तेवढी. आता होत नाही माझ्याच्याने."

सिरिलची मान वर होईना.

"शेवटचं?" त्यांनी विचारलं. "नक्की?"

"नक्की."

"हुश्श! सुटले रे बाबा," गॅरॅडबाई म्हणाल्या. "म्हणजे पुढच्या हिवाळ्यात मला इथे येऊन बसायला नको?"

सिरिल बघतच राहिला.

"असा बघू नकोस. माझी छाती बघ कशी वाजते. डॉक्टर दर वर्षी ओरडतो, बाई, त्या वाऱ्यात बसू नका. पण मी म्हणायचे, आणखी एक वर्ष. तो खेळतोय तोवर बसायचं. तू तर संपायचं नावच घेईनास!"

"पण तुम्हाला बघायला आवडतं ना?"

"मला? फुटबॉल? अरे, इतकी वर्षं झाली तरी चेंडू कोणत्या जाळ्यात गेला की टाळ्या वाजवायच्या ते मला कळत नाही. चहा पिऊन आलात की उलट्या बाजूला का पळता रे तुम्ही?"

"मग येत कशाला होतात?"

"तुझ्यासाठी!" बाई चिडून म्हणाल्या. "कशाला म्हणे! लढाईवरून आलास तेव्हाचं आठवतं तुला? बेकरीत यायचास आणि पाव न घेता उभा राहायचास. गिऱ्हाइकं तुला वळसा घालून जायची. एक शब्द नाही. तुझी आई, देव तिला सुखात ठेवो, माझ्या मागच्या खोलीत बसून रडायची. आणि मग त्या सभेत तू म्हणालास, मी खेळेन. परत आल्यापासून तुझ्या तोंडचं ते पहिलं धड वाक्य. मी म्हटलं, याला हे हवंय. याच्यावर जगेल हा. मग कोणीतरी बघायला बसायला नको का? बघणारं माणूस असलं की पोरं खेळतात. म्हणून बसले."

"आणि शर्ट?"

बाईंनी हातमोजा काढून हात पुढे केला. बोटांचे सांधे सुजून गाठी झाल्या होत्या. "यांना विचार, शर्ट धुवायला किती आवडतात ते."

"मला वाटलं, लेनसाठी," तो म्हणाला. "तुम्ही लेनसाठी येता. त्याची जागा कोणीतरी धरून ठेवलीय, तेवढं बघायला."

"लेनची जागा!" बाईंच्या चेहऱ्यावरचा राग उतरला. त्या मैदानाकडे बघत राहिल्या. बंदरवाले डाव्या रेषेने चेंडू घेऊन चालले होते आणि त्यांना अडवायला तिथे कोणी नव्हतं. "लेनला कुठे आवडायचा रे फुटबॉल?"

"काय म्हणता? एक शनिवार चुकवला नाही त्याने."

"तू चुकवू दिला नाहीस. शनिवारची भट्टी दुप्पट, रविवारचा पावही त्याच दिवशी काढायचा. पोर उजाडायच्या कितीतरी आधीपासून पीठ मळायचं. दुपारी पाय धुवून अंथरुणात पडायचं. जरा डोळा लागतोय, की तू खिडकीवर काठी वाजवायला हजर."

सिरिलला ती काठी आठवली. हेझलच्या झाडाची होती. ती वाजवली की वरची खिडकी उघडायची आणि भुवयांत पीठ अडकलेला लेन डोकं बाहेर काढून म्हणायचा, आलो, आलो. रस्ताभर जांभया द्यायचा. सिरिल त्यावरून त्याला चिडवायचा, आळशी म्हणायचा.

"उशी डोक्यावर ओढून घ्यायचा," बाई सांगत होत्या. "मला म्हणायचा, आई, सांग ना त्याला, झोपलाय म्हणून. मी म्हणायचे, मी नाही खोटं बोलणार, मित्र दारात आलाय, ऊठ. झोपायला जन्म पडलाय, असंही म्हटलंय मी त्याला." त्या थांबल्या. "एकदा तरी सांगायला हवं होतं मी, झोपलाय म्हणून. एवढ्या शनिवारांतला एक तरी द्यायला हवा होता."

"मला का नाही बोलला तो कधी?"

"तुला कसा बोलणार? तुझ्याशिवाय त्याला दुसरं होतं कोण? फुटबॉल नको होता त्याला. तू हवा होतास."

दोघं वाऱ्यात बसून राहिले. सिरिलच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते वाऱ्यामुळे नव्हतं. इतके हिवाळे, इतके शनिवार, भिंतीवर शिकवून शिकवून तयार केलेला तो डावा पाय, आणि ज्या जागेसाठी हे सगळं, ती जागा लेनने कोणीही मागितली असती तर आनंदाने देऊन टाकली असती.

शेडच्या बाजूने गलका झाला. बंदरवाल्यांचा गडी डोक्याला फडकं बांधून मैदानात परत येत होता. रेफरीने सिरिलकडे बघून हात केला. रेजी दोन्ही हात हलवत होता. क्रॅकनेल मैदानाला वळसा घालून, धापा टाकत, छत्री नाचवत येत होता.

"सिरिल! ऊठ! परत आलाय तो! आत जा!"

सवय वाईट असते. सिरिल उठायलाही लागला. एक हात खोक्यावर, एक गुडघ्यावर. मग त्याने खुर्चीकडे बघितलं.

"जायचं असेल तर खुशाल जा," गॅरॅडबाई म्हणाल्या. "मी काही म्हणत नाही. पण माझ्याकडे बघून जाऊ नकोस."

सिरिल पुन्हा खाली बसला.

"अरे, बसतोस काय?" क्रॅकनेल येऊन पोचला. त्याचा चेहरा बिटासारखा झाला होता. "ते अकरा, आपण दहा! दुखतंय का?"

"दुखतंय. पण म्हणून नाही."

"मग?"

"मी येत नाही, क्रॅकनेल," सिरिल म्हणाला. "आज नाही आणि पुढेही नाही."

क्रॅकनेलने आधी त्याच्याकडे बघितलं, मग गॅरॅडबाईंकडे, जणू त्या काहीतरी समजावतील. बाईंनी पायाने वीट आपल्याकडे ओढून घेतली आणि शाल सारखी केली.

बंदरवाल्यांनी दोन गोल केले, दोन्ही डाव्या बाजूने. हॅलस्टन हरलं. खेळ संपल्यावर बंदरवाल्यांचा कॅप्टन मुद्दाम येऊन सिरिलशी हात मिळवून गेला, पण रेजी टटल त्याच्या समोरून मान फिरवून निघून गेला. हॉब्ज तेवढा चहा घेऊन आला. सिरिलने गॅरॅडबाईंची खुर्ची खांद्यावर घेतली आणि त्यांना बेकरीपर्यंत सोडलं. दारात बाई म्हणाल्या, "शर्ट मी या वेळी नेलेले नाहीत. क्रॅकनेल धुवील."

तो आठवडा वाईट गेला. ज्या गावाने त्याला डोक्यावर घेतलं होतं, त्या गावाला त्याला खाली आपटायला एक दुपार पुरली. वर्तमानपत्रात 'अष्टपैलू' हा शब्द आला नाही. गिऱ्हाइकं बियाणं मागायची, पुडी घ्यायची आणि गप्प निघून जायची. एका म्हाताऱ्याने तर तोंडावर विचारलं की बंदरवाल्यांनी तुला काय पाजलं. सिरिलने त्याला उत्तर दिलं नाही. त्याला उत्तरांचाही कंटाळा आला होता.

पुढच्या शनिवारी जेवण झाल्यावर तो वर गेला, बूट काढले आणि दुपारच्या उजेडात अंथरुणात शिरला. लग्न झाल्यापासून शनिवारी दुपारी तो कधी आडवा झाला नव्हता. विनीने पडदा ओढला आणि काही न बोलता खाली गेली. दूरवर मैदानावर माणसं जमल्याचा आवाज येत होता. सिरिल डोळे मिटून पडला. झोप येत नव्हती, पण झोपेची वाट बघण्यातही सुख होतं.

तेवढ्यात खाली दारावर छत्रीची मूठ वाजली. ठक ठक, ठक ठक.

सिरिलचे पाय आपोआप पांघरुणाबाहेर आले. जमीन गार होती. तो तसाच बसून ऐकत राहिला.

"कुठाय तो?" क्रॅकनेलचा आवाज. "झालं गेलं विसरू म्हणावं. दहाच जण जमलेत. आजच्या दिवसापुरतं यायला सांगा."

विनी चर्चला जाणारी बाई, खोटं बोलताना तिची मान लाल व्हायची. वर सिरिलने श्वास धरून ठेवला.

"झोपलाय," विनी म्हणाली.

"मग उठवा की!"

"नाही उठवणार."

"अहो, पण डाव्या बाजूला माणूस नाही! तिथे कोणाला उभं करू?"

"रिकामी ठेवा ती जागा," विनी म्हणाली, आणि तिने दार लावून घेतलं.

छत्रीचा आवाज फरसबंदीवरून दूर गेला. सिरिलला मोठमोठ्याने रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं. मग त्याने पाय आत घेतले, कुशीवर वळला आणि उशी डोक्यावर ओढून घेतली.